म्हातारपणाचा दवाखाना कुठे हवा?

नागपूर–वर्धा रस्त्यावरच्या सेलूहून बोर धरणाकडे निघाले की वाटेत हिंगणी लागते. २०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि बाहेरच्यांना हे गाव जंगलाचे दार म्हणून ठाऊक झाले. गावकऱ्यांचा संसार मात्र कापूस, तूर, सोयाबीन यांवरच चालतो. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतात जागल करावी लागते, आणि जागलीला जाणारा माणूस तरुणच असेल असे आता राहिलेले नाही. शिकलेली मुले नागपूर-पुण्याकडे जातात आणि शेत, घर, गुरे म्हातारा-म्हातारीकडे उरतात.

हिंगणी ज्या जिल्ह्यात आहे त्या वर्ध्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चे, सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० चे. दोन्हीकडे मोठी रुग्णालये आहेत. तेरा लाख वस्तीच्या ग्रामीण जिल्ह्याला एवढे वैद्यकीय बळ महाराष्ट्रात क्वचितच लाभले असेल. वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न खाटा आणि तज्ज्ञ यांनी सुटणारा असता, तर तो वर्ध्यात कधीच सुटायला हवा होता. तो सुटलेला नाही. म्हणूनच हा प्रश्न नेमका कुठे अडतो हे तपासायला वर्ध्यासारखी दुसरी जागा नाही.

जिल्हा म्हातारा कसा झाला

२०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. त्याआधीच्या दहा वर्षांत ती अवघी ५ टक्क्यांच्या आसपास वाढली. त्याच काळात राज्याची वाढ १६ टक्क्यांच्या घरात होती. यामागे दोन गोष्टी आहेत. मुले कमी जन्मली आणि जन्मलेल्यांतली बरीच मोठी होऊन बाहेर गेली. या दोन्हींमुळे मागे राहणाऱ्यांचे सरासरी वय वाढते.

राज्याचे चित्रही त्याच दिशेचे. २०११ मध्ये देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के, म्हणजे एक कोटीहून अधिक माणसे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आला. आईबापांची जागा भरून निघायला तो २.१ लागतो. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल. त्यातही ऐंशीपुढचे सर्वांत वेगाने वाढतील आणि त्यांत बायका, बहुतेक विधवा, अधिक असतील.

पासष्टीपुढच्यांचे प्रमाण सात टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर यायला फ्रान्सला शंभरावर वर्षे लागली. आपल्याला तो पल्ला तीसेक वर्षांत गाठायचा आहे. जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला, तेव्हा तो देश आधीच श्रीमंत होता. हिंगणीच्या शेतकऱ्याला भविष्य निर्वाह निधी नाही आणि नोकरदारासारखी पेन्शन नाही. म्हातारपणी आधार म्हणून शेत आणि मुले, एवढेच.

म्हाताऱ्या शरीराची वेगळी तऱ्हा

वृद्धांचे वैद्यक हे मोठ्यांच्याच वैद्यकाचा थोडा सौम्य प्रकार आहे, असा समज डॉक्टरांतही आढळतो. पण वय झालेल्या शरीरात आजार आपली ओळख लपवतो. हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येता नुसता थकवा किंवा धाप म्हणून येतो. न्यूमोनियात कित्येकदा ताप चढत नाही. माणूस अचानक बरळू लागतो, घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात ‘वात झाला’ आणि दोन दिवस वाट पाहतात. लघवीच्या जागेचा साधा संसर्ग, शरीरातले मीठ कमी होणे, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, यांतले काहीही त्यामागे असू शकते. वेळेवर ओळखले तर यातले बरेचसे बरे होते.

दुसरी अडचण अनेक आजार एकत्र असण्याची. भारतातल्या वार्धक्याचा दीर्घकालीन मागोवा घेणारे ‘लासी’ हे सर्वेक्षण २०१७–१८ मध्ये झाले. त्यात पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसे होती. साठीपुढच्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना एक तरी दीर्घ आजार, ४० टक्क्यांना कोणते ना कोणते अपंगत्व आणि २० टक्क्यांना मानसिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे त्यातून पुढे आले. म्हणजे बीपी, शुगर, गुडघे आणि मोतीबिंदू हे बहुतेकदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. तो चार ठिकाणी जातो, चार चिठ्ठ्या आणतो आणि त्या चिठ्ठ्या एकमेकींना ओळखत नाहीत. गुडघ्यासाठी दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी बीपी वाढवते, पोटात व्रण करते, मूत्रपिंड खराब करते. बीपीची लघवी वाढवणारी गोळी वैशाखात अंगातले पाणी कमी करते. विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसाला तहानही पुरेशी लागत नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे इतर शहरांनीही केले. शेतात काम करणारा सत्तरीचा माणूस त्या शहरी आराखड्यांत बसत नाही.

हे सारे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. माणसाला आधीपासून ओळखणारे कोणी तरी लागते. सगळ्या गोळ्यांची पिशवी एकदा टेबलावर रिकामी करून बघणारा डॉक्टर लागतो.

सेवाग्रामने काय करून ठेवले आहे

या बाबतीत वर्ध्याची पाटी कोरी नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय १९४० च्या दशकात स्त्रिया आणि मुलांसाठीचा छोटा दवाखाना म्हणून सुरू झाले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी त्याला जोडून देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षी त्या गावात शिबिर होते आणि पुढची काही वर्षे विद्यार्थी दर महिन्याला त्याच घरांत परत जातात.

दुसरा प्रयोग ज्वारीच्या विम्याचा. डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला. सुगीत प्रत्येक घराने जमिनीच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गावाला सवलत मिळायची. ‘आरोग्य विमा’ हे शब्द सरकारी योजनांत यायच्या कितीतरी आधी वर्ध्याच्या खेड्यांनी तो धान्यात भरला होता.

या दोन्ही प्रयोगांच्या केंद्रस्थानी बाळंतीण, मूल आणि तापाचा रोगी होते, आणि त्या काळी तेच बरोबर होते. पण त्या वेळी ज्या बाळंतिणींची नावे नोंदवली गेली, त्या आता साठी-सत्तरीत आहेत. घरी जाण्याची, गावागावांत नोंद ठेवण्याची पद्धत तयार आहे. तिच्या यादीत म्हातारे यायचे राहिले आहेत.

कागदावर आणि उपकेंद्रावर

केंद्र सरकारने २०१०–११ मध्ये वृद्धांच्या आरोग्य सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. पहिल्या टप्प्यात देशातले शंभर जिल्हे घेतले, आणि महाराष्ट्रातून त्यात वर्धाही होते. आखणी चांगली होती. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष आणि फिजिओथेरपी, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याची फेरी. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय प्रादेशिक केंद्र ठरले.

या आखणीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे घरची फेरी, आणि तोच सर्वांत कमकुवत राहिला. कक्ष उभारला की त्याचा फोटो निघतो आणि खर्च दाखवता येतो. हिंगणीच्या एखाद्या घरात खाटेवर पडलेल्या आजीच्या पाठीला शय्याव्रण झाले की नाही, हे बघायला महिन्यातून एकदा कोणी गेले का, याचा आकडा कोणी मागत नाही.

याउलट वर्ध्यातच यशस्वी ठरलेला एक कार्यक्रम आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, आणि महाराष्ट्रातून त्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्यांदा आले. त्यात नवा शोध नव्हता. प्रत्येक डॉक्टरने आपल्या मनाची गोळी लिहिण्याऐवजी ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या गोळ्या द्यायच्या, त्या तीस दिवसांच्या एकदम द्यायच्या, शक्य तिथे उपकेंद्रातूनच द्यायच्या, प्रत्येकाचे कार्ड ठेवायचे आणि न आलेल्याला फोन करायचा किंवा घरी जाऊन बोलवायचे. यशाची मोजणी गोळ्या वाटण्यावर न ठेवता किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आला यावर ठेवली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या उपक्रमाला पुरस्कार दिला.

या दोन कार्यक्रमांतला फरक नीट पाहावा असा आहे. एकाने म्हाताऱ्यासाठी खोली बांधली. दुसऱ्याने गोळी गावात नेली आणि कोण आले नाही ते विचारले. दोन्हीकडे डॉक्टर तेच, औषधेही जवळपास तीच.

संशोधन गावात राहिले तेव्हा

वार्धक्यावर मराठी मुलखात झालेले महत्त्वाचे संशोधन मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डात झालेले नाही. ते गावागावांत वर्षानुवर्षे राहून झाले आहे.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकांमधले २०११ ते २०१३ या दोन वर्षांतले मृत्यू तपासले. मृत्यूचे पहिले कारण निघाले लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. दर शंभरातले चौदा मृत्यू त्याने झाले होते. हा निष्कर्ष धक्कादायक होता, कारण गडचिरोली म्हटले की हिवताप आणि बालमृत्यू हेच डोळ्यांपुढे येत. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि त्यावरची गोळी स्वस्त. म्हणजे त्या मृत्यूंतले पुष्कळ उपकेंद्रावरच टळू शकले असते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम डॉ. बानू कोयाजी यांच्या काळापासून चालत आले. तिथल्या गावांची लोकसंख्या नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात आशिया आणि आफ्रिकेतल्या आठ ठिकाणांत वढू होते. सगळीकडे एक गोष्ट सारखी आढळली: बायका पुरुषांहून जास्त जगतात, पण तब्येतीने त्यांच्याहून वाईट असतात.

नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेने २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या आठ गावांत तीस वर्षांवरील ४,७११ जणांचे डोळे तपासले. मोतीबिंदूच्या शिबिरांची विदर्भाला सवय आहे, पण एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून दिला म्हणजे काम संपले असे होत नाही. दुसरा डोळा उरतो आणि जवळचा चष्मा उरतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानखुडणी, न दिलेल्यांच्या तुलनेत, एकवीस टक्क्यांहून अधिक वाढली. कापूस वेचणाऱ्या साठीच्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

ऐकण्याचेही तसेच. बहिरेपण म्हातारपणाचा भाग म्हणून सोडून दिला जातो. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये मांडले की स्मृतिभ्रंशाचे जवळपास ४५ टक्के प्रमाण टाळता किंवा लांबवता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी दिलेल्या चौदा कारणांत न ऐकू येणे, न दिसणे, रक्तदाब, मधुमेह, कमी शिक्षण आणि एकटेपणा हे सगळे आहेत. ही यादी वाचताना विदर्भातल्या खेड्यातली निरक्षर, विधवा, मोतीबिंदू झालेली बाई समोर येते.

विसर आणि सांभाळणारे हात

लासीच्याच एका शाखा-अभ्यासाने स्मृतिभ्रंश मोजला. साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. तो शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त निघाला. ‘हा शहरी, श्रीमंत म्हाताऱ्यांचा आजार’ हा समज यामुळे मोडला.

घरात मात्र तो आजार म्हणून क्वचितच ओळखला जातो. सासू परत परत जेवायला मागते आणि शेजारणीला सांगते की सून जेवायला देत नाही. त्यावरून भांडणे होतात. गोव्यात डॉ. अमित डायस आणि ‘संगत’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच जागी काम केले. त्यांनी ८१ कुटुंबांची चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. घरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. त्यांनी आजार म्हणजे काय ते सांगितले, चिडचिड कशी हाताळायची ते शिकवले, सरकारी मदतीचे कागद भरून दिले. स्मृतिभ्रंश बरा झाला नाही. सांभाळणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारली. त्या आजाराला आज कोणते औषध पूर्ण उतार देत नाही, हे लक्षात घेतले तर हा छोटा निष्कर्ष फार मोठा ठरतो.

सांभाळणारे हात बहुतेक बायकांचे असतात: बायको, सून, माहेरी आलेली मुलगी. त्यांच्या या कामाला मजुरी नाही. सून रोजाने कापूस वेचायला गेली तर म्हातारा एकटा, नाही गेली तर दिवसाची कमाई बुडाली. केरळने २००८ मध्ये वेदनाशमन आणि शुश्रूषेचे धोरण आणले, ग्रामपंचायती आणि स्वयंसेवक यांना घरोघरच्या फेरीत घेतले. महाराष्ट्रात २०१२ पासून नाशिक जिल्ह्यात असा सरकारी प्रयत्न सुरू झाला. तो राज्यभर रुजवायचा तर त्या घरातल्या बाईला चार तासांची मोकळीक मिळणे हेही उपचारातच धरावे लागेल.

पैसा आणि एसटी

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आधीपासून आहेच. हे फार मोलाचे आहे. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा मोडलेले खुब्याचे हाड यांसाठी जमीन विकावी लागू नये. पण हा विमा भरती झाल्यावरच कामी येतो. रोजच्या गोळ्या, चष्मा, कानाचे यंत्र, कवळी, काठी, फिजिओथेरपी, यांतले बहुतेक काही त्यात बसत नाही. वृद्धाचा खरा खर्च मात्र तिथेच, महिन्यामागून महिना होत असतो.

श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये महिना दीड हजार रुपये झाले, तर केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी अजून दोनशे रुपयांवरच थांबला आहे. एसटीचा प्रवास पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून मोफत आहे. दवाखान्यात जाण्यासाठी ही सवलत कोणत्याही आरोग्य योजनेइतकीच उपयोगी आहे. तरीही गुडघे धरलेल्या माणसाला एसटीची पहिली पायरी चढता आली पाहिजे, बाह्यरुग्ण विभागाची रांग संपेपर्यंत परतीची गाडी निघून जाता कामा नये, आणि सोबत कोणीतरी हवे. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, तिचा हिशेब कुठल्याच योजनेत नाही.

यादीपासून सुरुवात

तर दवाखाना कुठे हवा? वर्ध्याचा अनुभव सांगतो की शस्त्रक्रियेसाठी, झटक्यासाठी, मोडलेल्या हाडासाठी सेवाग्राम आणि सावंगी आहेत आणि ते लागतातच. बाकीचे बहुतेक काम उपकेंद्रात आणि घरात व्हायचे आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, आशाताई घर न घर जाणते. वृद्धांची सेवा आणि वेदनाशमन ही त्यांच्या ठरलेल्या बारा सेवांत लिहिलेलीही आहेत. कमी आहे ती एका यादीची: गावातल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाची. त्यापुढे सहा प्रश्न. चालता येते का, वजन घटते आहे का, दिसते का, ऐकू येते का, विसर वाढला का, मन खचले आहे का. जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांच्या प्राथमिक तपासणीसाठी हेच सहा विषय सांगितले आहेत. जोडीला बीपी, शुगर आणि गोळ्यांची पिशवी. आशाताईला या फेरीचे वेगळे मानधन मिळाले पाहिजे. फुकटच्या कामाच्या ओझ्यात आणखी एक रकाना घातला तर तो कागदावरच भरला जाईल.

संशोधनाची संधीही इथेच आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत चार आजार असलेला ऐंशीचा माणूस सहसा घेतलाच जात नाही, आणि दवाखान्यात मात्र तोच येतो. त्याच्याविषयी जाणून घ्यायचे तर तो राहतो तिथे वर्षानुवर्षे जावे लागेल. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या दत्तक गावांत महिन्या-महिन्याला जातातच. प्रत्येक तुकडीने गावातल्या वृद्धांचीही नोंद ठेवली आणि गाव सोडताना ती पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर दहा वर्षांत वर्धा जिल्ह्याकडे ग्रामीण वार्धक्याची अशी नोंद जमेल की जिच्यासाठी वेगळे परदेशी अनुदान मागायची वेळ येणार नाही. कोण पडले, कोणाच्या गोळ्या बंद केल्यावर बरळणे थांबले, चष्मा दिल्यावर कोण पुन्हा शेतात जाऊ लागले, याची उत्तरे त्यातून मिळतील.

रक्तदाबाच्या उपक्रमाने हे काम होऊ शकते हे याच जिल्ह्यात दाखवले आहे. त्या वेळी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक प्रश्न विचारला जात होता: किती जणांचा दाब आटोक्यात आला? वृद्धांच्या कार्यक्रमाला तसाच एक प्रश्न जोडावा: या महिन्यात अंथरुणावरच्या किती जणांच्या घरी कोणी जाऊन आले? ज्या दिवशी हा आकडा जिल्हा परिषदेच्या बैठकीत खाटांच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने मागितला जाईल, त्या दिवसापासून कार्यक्रमाचा पैसाही त्या दिशेने वळू लागेल.